सिलिकॉन, ईपीडीएम की व्हायटन? वडोदऱ्यातल्या एका मलम-प्लांटच्या गास्केटांचं प्रकरण

वडोदऱ्याहून पादऱ्याकडे जाताना लागणाऱ्या एका औषध कारखान्यात मलमं आणि क्रीम बनवायचा नवा प्लांट बसला. वर्ष पुरं व्हायच्या आत गास्केटांच्या, म्हणजे सांधा गळू नये म्हणून मधे दाबून बसवतात त्या रबरी रिंगांच्या, तक्रारी सुरू झाल्या. प्लांट बनवणारी कंपनीही इथलीच, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली. दोघांचीही नावं देत नाही, कारण जे घडलं ते कुठेही घडू शकतं आणि घडतंच. सीलिंगचं काम पाहणारा म्हणून मला बोलावलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या फायली जाड झाल्या होत्या आणि प्रत्येक पत्रात एकच प्रश्न होता: ‘सर्वांत चांगलं रबर कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. तो बदलून विचारला तेव्हाच काम पुढे सरकलं.

प्लांटची रचना नेहमीचीच. एका भांड्यात तेलाचा भाग वितळतो: लिक्विड पॅराफिन, पांढरं सॉफ्ट पॅराफिन, सेटोस्टिअरिल अल्कोहोल, सगळं ७० ते ७५ अंशांवर. दुसऱ्यात पाण्याचा भाग. दोन्ही मुख्य भांड्यात ओढले जातात, तिथे होमोजिनायझर त्यांचं क्रीम करतो. मग लोब पंपाने माल साठवण टाकीत आणि तिथून ट्यूब भरायच्या मशीनवर. मधल्या पाइपांना जागोजागी टीसी क्लॅम्पचे, म्हणजे दोन पाइपांची पसरट तोंडं (फेरूल) कड्याने एकत्र आवळणारे, सांधे. बॅच संपली की गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुलाई आणि मुख्य भांड्याला १२१ अंशांवर वाफेचं निर्जंतुकीकरण.

ड्रॉइंगवर या सगळ्या सांध्यांसाठी, एमओसीच्या, म्हणजे भाग कशाचा बनवायचा त्या रकान्यात, एकच ओळ होती: ‘गास्केट – सिलिकॉन, फूड ग्रेड, पांढरं.’ वरपासून खालपर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा.

तीन सांधे, तीन वेगळ्या गोष्टी

मी आधी काढलेली गास्केटं मागितली. मेन्टेनन्सच्या साहेबांनी ती फेकली नव्हती, पिशव्यांत घालून प्रत्येकीवर सांध्याचा नंबर लिहून ठेवला होता. हे फार थोडे लोक करतात आणि निम्मं निदान त्यातच होऊन जातं.

तेलाच्या भांड्याच्या तळाच्या सांध्यातलं गास्केट फुगलेलं होतं. टीसी फेरूलच्या दोन तोंडांमध्ये दाबलेल्या रबराला बाहेरच्या बाजूला जायला वाव नसतो, त्यामुळे फुगवटा आत, पाइपच्या पोकळीत येतो. आतल्या कडेला ओठासारखी झालर तयार झाली होती आणि एका बाजूला ती कातरल्यासारखी तुटली होती. तुटलेले तुकडे कुठे गेले? पुढच्या जाळीवर काही सापडले होते. पण पांढऱ्या मलमात पांढरं रबर शोधायचं कसं? क्वालिटीच्या मॅडमनी जाळी काळ्या कागदावर झटकून बघितली म्हणून ते दिसले. अन्नपदार्थांच्या कारखान्यांत गास्केटांना निळा रंग देतात तो याच कारणाने. निळं खाणं जवळजवळ नसतंच, त्यामुळे तुकडा लपत नाही. इथे पांढरा रंग ‘स्वच्छ दिसतो’ म्हणून मागवला होता.

दुसरी पिशवी वाफेच्या हेडरवरची, म्हणजे वाफ वाटणाऱ्या मुख्य नळीवरची. दाब उतरवणाऱ्या रेड्युसिंग व्हॉल्व्हच्या अलीकडे, जिथे वाफ ३ बार गेज दाबाने दिवसभर उभी असते, म्हणजे सुमारे १४४ अंश. हे गास्केट फुगलं नव्हतं. ते मऊ, चिकट झालं होतं. बोटाने दाबलं तर ठसा राहत होता आणि एका कडेला पिठासारखं भुसभुशीत झालं होतं.

तिसरं, मुख्य भांड्याच्या मॅनहोलच्या झाकणाचं मोठं गास्केट. तेही सिलिकॉन, त्यालाही दर बॅचला वाफ. आणि ते उत्तम होतं! जरा पिवळसर, पण लवचीक. याच गास्केटामुळे आधीच्या बैठकांत वाद झाला होता. प्लांटवाले म्हणत, ‘सिलिकॉनला वाफ चालत नाही.’ बनवणारे म्हणत, ‘मग झाकणाचं कसं टिकलं?’ दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

वाफेचा हिशोब

सिलिकॉनच्या साखळीचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. हा बंध उष्णतेला दाद देत नाही, म्हणून कोरड्या हवेत ते उणे ६० पासून २०० अंशांपर्यंत आपला लवचीकपणा सांभाळतं. पण तोच बंध तापलेलं पाणी तोडू शकतं. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: वरचं तापमान, सतत ओल आणि ती ओल बाहेर पडायला जागा नसणं. हेडरच्या बंद नळीत तिन्ही होत्या. साखळ्या तुटत गेल्या आणि रबर परत कच्च्या डिंकाकडे निघालं.

झाकणाला १२१ अंशांची, सुमारे १ बार गेजची वाफ अर्धा तास लागायची, मग झाकण उघडायचं आणि गास्केट कोरडं व्हायचं. ऑटोक्लेव्हच्या दरवाजांची गास्केटं सर्रास सिलिकॉनची असतात ती याच हिशोबावर. तेव्हा ‘वाफ चालते की नाही’ असं विचारून उपयोग नाही. किती अंशांची, किती वेळ आणि मधे सुटका होते का, हे विचारायला हवं.

यात आणखी एक भर होती. पेरॉक्साइडने पिकवलेल्या, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधून पक्क्या केलेल्या, सिलिकॉनमध्ये पेरॉक्साइड फुटून आम्लं उरतात. ती बाहेर काढायला माल ओव्हनमध्ये, साधारणपणे २०० अंशांवर चार तास, खेळत्या हवेत ठेवावा लागतो. यालाच पोस्ट-क्युअर म्हणतात. तो टाळला की आम्ल आत राहतं आणि वाफेतल्या तोडफोडीला मदत करतं. हेडरच्या गास्केटांच्या न वापरलेल्या जोडीदारांवर पांढरी, पुसली की जाणारी पूड आली होती आणि पिशवी उघडताच आंबूस वास आला. पोस्ट-क्युअर अर्धवट झाल्याची ही जुनी खूण. प्लॅटिनमने पिकवलेल्या सिलिकॉनमध्ये हा अवशेष नसतो, म्हणून औषधात त्याला पसंती. मात्र १४४ अंशांच्या उभ्या वाफेत प्लॅटिनमवालंही टिकणार नाही.

ईपीडीएमचा पहिला प्रयोग

माझ्या आधी एक उपाय होऊन गेला होता. ‘वाफेला ईपीडीएम’ हे कुणीतरी अचूक सांगितलं आणि कारखान्याने एका दमात सगळी गास्केटं ईपीडीएमची केली. वाफेचा सांधा त्या दिवसापासून गप्प बसला. पाण्याच्या भांड्याकडेही सगळं ठीक. तेलाच्या भांड्याखाली मात्र नवं गास्केट सिलिकॉनपेक्षा वाईट फुगलं. एकदा काढल्यावर ते खाचेत परत बसेचना.

ईपीडीएम म्हणजे इथिलीन-प्रॉपिलीनची हायड्रोकार्बन साखळी. मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्यामुळे वाफ, गरम पाणी, कॉस्टिक, ओझोन यांना ते दाद देत नाही. पण पॅराफिनही हायड्रोकार्बनच. सारख्यात सारखं मिसळतं, तेल साखळ्यांच्या मधे शिरून बसतं.

हे मकरपुऱ्यातल्या एका जुन्या मोल्डिंगवाल्या काकांना कुणी विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. दांडिया बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घर, आणि गिऱ्हाइकं बहुतेक ट्रान्सफॉर्मरवाली. वडोदरा हे ट्रान्सफॉर्मरचं गाव, इथल्या रबरवाल्यांच्या हाताला तेलाची सवय आहे. मी ती फुगलेली रिंग त्यांच्यापुढे ठेवली.

“ही कशात होती?”

“लिक्विड पॅराफिनमध्ये, काका.”

“अहो, म्हणजे आमच्या ट्रान्सफॉर्मर ऑइलची सोवळ्यातली बहीणच ती! तिच्यात ईपीडीएम कोण घालतं? आम्ही नायट्राईलशिवाय हात लावत नाही.”

नायट्राईल म्हणजे खनिज तेलात न फुगणारं रबर. काकांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. दोन्ही खनिज तेलाचीच शुद्ध केलेली रूपं. औषधाच्या दप्तरात शिरताना पॅराफिनला नाव, प्रमाणपत्र आणि शुद्धता वेगळी मिळते, पण रबराशी त्याचं वागणं बदलत नाही. औषधवाले आणि ट्रान्सफॉर्मरवाले एकाच जीआयडीसीत शेजारी असून एकमेकांना विचारत नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते.

‘फूड ग्रेड’ नेमकं काय सांगतं

ड्रॉइंगवरच्या त्या एका ओळीने सगळ्यांना निर्धास्त केलं होतं. प्रमाणपत्र होतं, अमेरिकेच्या एफडीएच्या २१ सीएफआर १७७.२६०० कलमाप्रमाणे, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या कलमात मोजलं जातं ते रबरातून बाहेर काय येतं. पाणीदार पदार्थांसाठी उकळत्या पाण्यात पहिल्या सात तासांत दर चौरस इंचामागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्रव्य उतरता कामा नये, तेलकट पदार्थांसाठी हेक्झेनमध्ये १७५. अमेरिकी औषधसंहितेची (यूएसपी) क्लास सहाची चाचणीही जिवंत शरीराला अपाय होतो का तेवढंच पाहते. रबर पदार्थाला काय करतं याची ही कागदपत्रं. पदार्थ रबराला काय करतो, याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. ते आपल्यालाच तपासावं लागतं आणि त्याला फार खर्चही येत नाही.

आम्ही कारखान्याच्याच लॅबमध्ये तपासलं. पद्धत एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेची, डी४७१ क्रमांकाची, भारतीय मानकांत आयएस ३४०० मालिकेत तिचा जोडीदार आहे. सिलिकॉन, ईपीडीएम, नायट्राईल आणि व्हायटन या ब्रँडच्या जातीचं, साखळीत फ्लोरीन असलेलं फ्लुओरो-रबर, चारींच्या शीटमधून सारखे तुकडे कापले. हवेत वजन, मग दोऱ्याने टांगून पाण्यात वजन, म्हणजे आकारमान मिळतं. मग झाकणाच्या बरण्यांत ७० तास, ८० अंशांच्या ओव्हनमध्ये. एका संचाला लिक्विड पॅराफिन, दुसऱ्याला त्यांचं धुलाईचं कॉस्टिक त्यांच्याच तीव्रतेचं, तिसऱ्याला तयार क्रीम. बाहेर काढून टिपले आणि पुन्हा वजन. कडकपणाही आधी-नंतर मोजला, पण शीटवर, सहा मिलिमीटर थर करून. पातळ गास्केटावर ड्युरोमीटर सरळ टेकवला तर खालच्या टेबलाचा कडकपणा मोजला जातो, हे पुष्कळ ठिकाणी लक्षातच येत नाही.

पॅराफिनच्या बरणीतून ईपीडीएम हातात घेताच फरक कळला, काट्याची गरज नव्हती. सिलिकॉन मध्यम फुगलं आणि मऊ झालं. नायट्राईल आणि फ्लुओरो-रबर जवळपास होते तसेच. कॉस्टिकमध्ये चित्र उलटं: ईपीडीएम निवांत, नायट्राईल ठीक. साध्या बिस्फेनॉल-पद्धतीने पिकवलेल्या फ्लुओरो-रबराचा पृष्ठभाग ताठरला. क्षारामुळे त्याच्या साखळीतून हायड्रोजन फ्लुओराइड निघून जातं, दुहेरी बंध उरतात आणि पुढे तिथेच भेगा पडतात. पेरॉक्साइडने पिकवलेली जात त्यामानाने बरीच तगली.

क्रीमच्या बरण्यांतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. त्यांच्या एका क्रीममध्ये डायमेथिकोन आहे, म्हणजे सिलिकॉन तेलच. सिलिकॉन रबराला सर्वांत जास्त फुगवणाऱ्या गोष्टींत त्याचं स्वतःचं तेल येतं. शिवाय ऑपरेटर गास्केट नीट बसावं म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लावत. कुणी शिकवलं नव्हतं, ‘सिलिकॉनला सिलिकॉन’ हे ऐकायला बरोबर वाटतं एवढंच. ग्रीस त्याच दिवशी बंद केलं.

सांध्याप्रमाणे निवड

मग आम्ही एका मोठ्या कागदावर प्रत्येक सांधा लिहिला आणि पुढे त्याचा दिवसभराचा जीवनक्रम: माल कोणता, किती गरम, धुलाई कशाने, वाफ किती वेळ, रोज उघडतो की वर्षातून एकदा, आणि फुटला तर तुकडा कुठे जाईल. सर्वांत जास्त वेळ या कागदाला लागला.

वाफेचा हेडर आणि पाण्याचं भांडं सोपं गेलं: पेरॉक्साइडने पिकवलेलं ईपीडीएम, कडकपणा ७० शोर ए. गंधकाने पिकवलेलं ईपीडीएम स्वस्त पडतं, पण वाफेच्या उष्णतेत ते लवकर बसतं, म्हणजे दाब काढल्यावर मूळ जाडीला परत येत नाही. एएसटीएम डी३९५ च्या चाचणीत हे सरळ दिसतं: तुकडा जाडीच्या चौथ्या हिश्श्याने दाबून ओव्हनमध्ये ठेवायचा आणि सोडल्यावर किती परतला नाही ते मोजायचं. खरेदीच्या अटीत आम्ही हा आकडा घातला. नुसतं ‘ईपीडीएम’ लिहून मागवलं तर दुकानदार काहीही देऊ शकतो आणि ते ईपीडीएमच असतं.

मॅनहोलचं झाकण सिलिकॉनवरच ठेवलं. मोठा परीघ, हाताने आवळायचे बोल्ट, थोड्या दाबात बसणारं मऊ रबर हवं. तिथे सिलिकॉनसारखं दुसरं काही नाही. मलम त्याला फक्त शिंतोड्यांपुरतं लागतं. प्लॅटिनमवालं घ्यायचं आणि निळं, एवढाच बदल.

तेलाच्या बाजूला खरी चर्चा झाली. काकांचं नायट्राईल पॅराफिनला उत्तम आणि स्वस्त. अन्नाला चालणाऱ्या जातीही मिळतात, दुग्धव्यवसायात नायट्राईल भरपूर वापरतात. पण या भांड्याच्या जॅकेटला, म्हणजे भोवतीच्या दुहेरी भिंतीला, वाफ आहे. सकाळी गोठलेलं मेण वितळवताना तळाचा सांधा १०० अंशांच्या वर तापतो. नायट्राईल अशा उष्णतेत महिन्या-महिन्याने कडक होत जातं. म्हणून पेरॉक्साइडने पिकवलेलं फ्लुओरो-रबर घेतलं. किंमत कित्येक पट, त्यावर खरेदी खात्याने भुवया उंचावल्या. मेन्टेनन्सच्या साहेबांनी फुकट गेलेल्या एका बॅचची फाइल पुढे ठेवली आणि विषय संपला. जॅकेटपासून लांबच्या, नुसत्या कोमट मालाच्या सांध्यांवर नायट्राईल चाललं असतं, असं माझं मत आजही आहे. पण एकाच लाइनवर दोन काळी गास्केटं दिसायला सारखी, रात्रपाळीत अदलाबदल होणारच. म्हणून तो मोह आम्ही टाळला.

मुख्य भांड्याच्या सांध्यांना तेलही आहे आणि वाफही. जे सांधे फक्त वार्षिक शटडाउनला उघडतात तिथे पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) आवरण घातलेली गास्केटं, आतला गाभा फ्लुओरो-रबराचा. ईपीडीएमचा गाभा स्वस्त पडला असता, पण आवरणाला ओरखडा पडला की तेल आत शिरून गाभा फुगणार. रोज उघडणाऱ्या सांध्यांवर पीटीएफई मुद्दाम टाळलं: ते रबरासारखं परत फिरत नाही, दुसऱ्यांदा आवळताना जास्त जोर मागतं, आणि मग ऑपरेटर विंगनटला पाना लावतो. तिथे पेरॉक्साइडवालं फ्लुओरो-रबरच.

एक गोष्ट मटेरियल बदलून सुटणारी नव्हती. याच प्लांटवर वेदनाशामक बामही होतो, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटचा. रबरं, त्यातही सिलिकॉन, असे उडून जाणारे वास शोषून घेतात आणि पुढच्या बॅचमध्ये सोडतात. बामसाठी गास्केटांचा वेगळा संच करून कुलपात ठेवला.

डाय आणि दुकान

फ्लुओरो-रबराची गास्केटं काकांकडेच बनवायला दिली. पहिली रास आली ती आतल्या व्यासाला जराशी लहान. काकांनी सिलिकॉनचीच डाय (साचा) वापरली असेल असा संशय आला, पण ते म्हणाले, “छे, ही डाय तर ईपीडीएमची.” मग उलगडा झाला. साच्यातून निघाल्यावर प्रत्येक रबर वेगळं आकसतं: ईपीडीएम साधारण दीड ते दोन टक्के, सिलिकॉन आणि फ्लुओरो-रबर त्याहून जास्त. ईपीडीएमच्या डायमध्ये फ्लुओरो-रबर ओतलं की रिंग लहान येणारच. टीसी गास्केटात ही चूक महाग पडते. व्यास लहान झाला तर कड पाइपात डोकावते, मोठा झाला तर खळगा राहून त्यात क्रीम कुजतं. वेगळी डाय केली. ती करताना काकांनी आणखी एक खबरदारी घेतली: प्लॅटिनमवाल्या सिलिकॉनची डाय गंधकाच्या रबराला कधीच लावायची नाही. गंधकाचा अंश राहिला तरी प्लॅटिनम निकामी होतं आणि माल पिकतच नाही.

बाजारातून तातडीने आणलेली काही ‘व्हायटन’ गास्केटं स्टोअरमध्ये पडून होती. तीही तपासली. फ्लुओरो-रबर जड असतं, घनता १.८ च्या आसपास. नायट्राईल आणि ईपीडीएम १.१ ते १.३ मध्ये. हवेतलं वजन भागिले हवेतल्या आणि पाण्यातल्या वजनातला फरक, पाच मिनिटांचं काम. त्यातली काही १.२ वर आली. ती व्हायटन असूच शकत नव्हती. जड भुकटी मिसळून घनता फसवता येते, म्हणून ज्यांची घनता बरोबर आली त्यांनाही पॅराफिनच्या बरणीतून काढलं. आता आवक तपासणीत ही दोन्ही कामं लिहिलेली आहेत आणि काटा त्यासाठी राखून ठेवला आहे.

ड्रॉइंगवर आज एमओसीच्या रकान्यात प्रत्येक सांध्यापुढे रबराची जात, पिकवण्याची पद्धत, कडकपणा, रंग आणि बदलायची मुदत आहे. नवं उत्पादन आलं की आधी त्याची बरणी ओव्हनमध्ये जाते.

लोब पंपाच्या शाफ्टवरच्या ओ-रिंगा अजून प्लांटबरोबर आलेल्याच आहेत. तिथे दाबाबरोबर घासणंही आहे, आणि घासण्याचा निकाल बरणीतून मिळत नाही. पुढच्या शटडाउनला त्या काढून जाडी मोजायची आणि मगच ठरवायचं, असं साहेबांशी बोलणं झालं आहे. तोवर सुट्या रिंगांचा एक संच पिशवीत, सांध्याचा नंबर घालून, तयार ठेवला आहे.